मुंबईत ॲपवरून गाडी बोलावताना: भाडं का चढतं, कधी थांबायचं आणि कधी नाही

संध्याकाळी साडेसहाला बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) ऑफिसच्या गेटवर उभं राहून अंधेरीचं भाडं बघा. दुपारी अडीचला त्याच गेटवरून तेच भाडं बघा. अंतर तेवढंच, गाडीही तशीच, पण आकडा सव्वापट-दीडपट झालेला असतो. मुंबईत नवीन आलेला माणूस इथे दोनपैकी एक चूक करतो. एकतर घाबरून लगेच बुक करतो, नाहीतर ‘उतरेल थोड्या वेळात’ म्हणून भर पावसात अर्धा तास उभा राहतो आणि शेवटी गाडीच मिळत नाही. भाडं चढण्याची दोन वेगळी कारणं असतात. एकात थांबणं फायद्याचं असतं, दुसऱ्यात तोट्याचं. हा फरक ओळखता आला की बाकीचं सोपं आहे.

आधी मीटरचे आकडे पाठ करा

ॲपवरचा आकडा महाग की स्वस्त हे ठरवायला हाताशी एक माप हवं. मुंबईत ते माप म्हणजे मीटर. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि काळी-पिवळी टॅक्सीचं ३१ रुपये आहे. दोन्ही पहिल्या दीड किलोमीटरसाठी. पुढे रिक्षाला किलोमीटरमागे १७ रुपये १४ पैसे आणि टॅक्सीला २० रुपये ६६ पैसे. तोंडी हिशेबासाठी रिक्षाला १७ आणि टॅक्सीला २१ धरा. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत यावर २५ टक्के जास्त.

ॲपवरच्या एसी गाड्यांसाठी मुंबई महानगर परिसरात सप्टेंबर २०२५ मध्ये किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा मूळ दर ठरला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ॲग्रिगेटर (म्हणजे ॲपवरून गाडी जोडून देणाऱ्या कंपन्यांच्या) धोरणाप्रमाणे गर्दीच्या वेळी मूळ दराच्या जास्तीत जास्त दीडपट लावता येतो आणि धंदा मंद असताना जास्तीत जास्त २५ टक्के सूट देता येते. बातम्यांत ‘दुप्पट भाड्याला परवानगी’ असं वाचलं असेल, तर ते जुलै २०२५ मधल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांबद्दल. महाराष्ट्राच्या धोरणातली मर्यादा दीडपटच आहे.

आता दहा किलोमीटरचा प्रवास घ्या. रिक्षा मीटरने साधारण १७१ रुपये, काळी-पिवळी २०७, रात्री बारानंतर २५८. ॲपची एसी गाडी मूळ दराने २२७, सूट असताना १७०, पूर्ण चढलेली असताना ३४१. टोल आणि कर वेगळे. म्हणजे दुपारी ॲपची एसी गाडी बिगर-एसी टॅक्सीपेक्षाही स्वस्त पडू शकते आणि साडेसहाला तीच गाडी टॅक्सीपेक्षा सव्वाशे-दीडशे रुपयांनी महाग. ‘ॲप स्वस्त’ किंवा ‘ॲप लुटतं’ ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत, वेळ सांगितल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

रिक्षांबद्दल एक गोष्ट बाहेरगावच्या माणसाला माहीत नसते: पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन, याच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही. अंधेरीहून दादरला जाताना ॲपवर रिक्षाचा पर्याय दिसलाच नाही तर तो बिघाड नव्हे. फोर्ट, कुलाबा, गिरगाव भागात तर ॲप उघडायचीही फारशी गरज नसते. हात केला की काळी-पिवळी थांबते आणि मीटर टाकते.

आकडा बनतो कसा

बुक करण्याआधी दिसणारं भाडं हा अंदाज असतो. मूळ रक्कम, अंतर, लागणारा अंदाजे वेळ, बुकिंगचं शुल्क, टोल, जीएसटी यांची बेरीज आणि त्यावर त्या मिनिटाची सर्ज, म्हणजे मागणीच्या मानाने गाड्या कमी पडल्या की चढणारी वाढ. पूर्वी पडद्यावर ‘१.८ पट’ असं स्पष्ट दिसायचं. आता बहुतेक वेळा ते एकाच आकड्यात मुरलेलं असतं, म्हणून वरचं मीटरचं माप लागतं.

सर्ज अख्ख्या मुंबईची एक नसते. कंपन्या शहराचे छोटे-छोटे तुकडे पाडतात. उबरची षटकोनी तुकड्यांची पद्धत तर २०१८ पासून सगळ्यांना वापरण्यासाठी खुली आहे. प्रत्येक तुकड्यात किती जण ॲप उघडून बसलेत आणि किती गाड्या मोकळ्या आहेत, हे सतत मोजलं जातं. काही मिनिटांत आकडा बदलतो. त्यामुळे गेट नंबर एकवर भाडं चढलेलं आणि रस्ता ओलांडून तीनशे मीटरवर उतरलेलं, असं खरोखर होतं.

कंपन्या सांगतात की चढलेलं भाडं बघून ड्रायव्हर त्या भागात येतात आणि गाड्या वाढतात. ज्या शहरात रस्ते मोकळे असतात तिथे हे पटण्यासारखं आहे. मुंबईत साकीनाक्याला उभ्या असलेल्या ड्रायव्हरला त्याच्या ॲपच्या नकाशावर पवईचा भाग लाल, म्हणजे भाडं चढलेला, दिसला, तरी तो तिथे पोहोचेपर्यंत लाल रंग विरलेला असतो. जुने ड्रायव्हर म्हणूनच लाल भागामागे धावत नाहीत. इथे सर्जचं खरं काम एकच: ज्यांना थांबता येतं त्यांना थांबवणं. तुम्हाला थांबता येत असेल तर त्याचा फायदा घ्या.

ही सर्ज कुठली?

पहिला प्रकार: माणसं अचानक वाढली, गाड्या तेवढ्याच आहेत. ऑफिसं सुटली, वानखेडेवरची मॅच संपली, नाटक सुटलं, एलटीटीला (कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला) लांब पल्ल्याची गाडी आली. ही सर्ज उसळते आणि बसते. मॅच सुटल्यानंतरची किंवा गाडी आल्यानंतरची बहुधा वीस-तीस मिनिटांत. बीकेसी, पवई, लोअर परळ, मालाडचं माइंडस्पेस इथली संध्याकाळची जास्त लांब, साधारण साडेपाच ते साडेआठ, पण तीही सलग नसते. लाटा येतात. दर पाच मिनिटांनी आकडा बघितला तर खाली-वर होताना दिसतो. इथे थांबा, चहा प्या, दोनशे-तीनशे मीटर चाला.

चालायचं कुठल्या दिशेला? गर्दीच्या बाहेर आणि जायचंय त्या बाजूला. वानखेडेहून उपनगरात जायचं असेल तर चर्चगेटच्या दारात उभं राहून गाडी शोधणं हा वेडेपणा आहे. लोकल पकडा, वांद्र्याला उतरा, तिथून रिक्षा घ्या. वीस किलोमीटरची सर्ज भरण्याऐवजी शेवटच्या चार किलोमीटरची भराल. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झाली आहे. बीकेसीच्या माणसाला तर गेटवर गाडीची वाट पाहण्यापेक्षा मेट्रोने मरोळ नाक्यापर्यंत जाऊन तिथून रिक्षा करणं बरेचदा वेळेतही परवडतं.

दुसरा प्रकार: माणसं तेवढीच आहेत, गाड्या नाहीशा झाल्या. मुसळधार पाऊस हे याचं ठळक उदाहरण. अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, किंग्ज सर्कल इथे पाणी भरायला लागलं की ड्रायव्हर गाडी वाचवायला बघतो. इंजिनात पाणी गेलं तर त्याची आठवड्याची कमाई जाते, तुमच्या दीडपट भाड्याने ती भरून येत नाही. तो ॲप बंद करतो आणि घराकडे वळतो. या सर्जमध्ये थांबलात तर भाडं उतरत नाही, उलट तासाभराने ‘गाड्या उपलब्ध नाहीत’ असं दिसतं. पाऊस वाढतोय, भरतीची वेळ जवळ येतेय आणि गाडी दिसतेय, तर पडेल त्या भावात घ्या. नाहीतर लोकल चालू असेपर्यंत लोकलने निघा. रेल्वे बंद पडली की तिची सगळी गर्दी एकदम ॲपवर येते, म्हणजे दोन्ही प्रकार एकत्र. तेव्हा जवळपास कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडे मुक्काम करणं सगळ्यात स्वस्त.

याच प्रकारात मोडणारे बाकीचे प्रसंग:

ड्रायव्हरांचा संप. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन झालं, तेव्हा कित्येकांना विमानतळाला जायला गाडी मिळाली नव्हती. संपाची बातमी आधी एक-दोन दिवस असते, ती बघत जा.

सीएनजीचा तुटवडा. मुंबईतल्या ॲपच्या बहुतेक गाड्या आणि रिक्षा गॅसवर चालतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये गॅसची मुख्य वाहिनी बिघडली आणि पंपांबाहेर रांगा लागल्या, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्याच कमी झाल्या.

अनंत चतुर्दशी. लालबाग, परळ, गिरगाव, जुहू भागातले रस्ते बंद किंवा एकदिशा होतात. ॲपचा नकाशा बंद रस्त्यातून गाडी दाखवत राहतो आणि ड्रायव्हर पलीकडच्या टोकाला अडकलेला असतो. त्या दिवशी ॲपवरची ‘६ मिनिटं’ मनावर घेऊ नका.

पहाटे अडीच ते साडेचार. रात्रीच्या शिफ्टचे ड्रायव्हर झोपायला गेलेले, सकाळचे उठलेले नसतात. लोकलही बंद असते. पहिल्या गाड्या चारच्या सुमारास सुटतात.

३१ डिसेंबरची रात्र मिश्र असते. साडेबारा ते दोन या वेळेत पहिला प्रकार, त्यानंतर दुसरा. त्या रात्री रेल्वे जादा लोकल सोडते. वेळापत्रक आधी बघून ठेवा.

गोंधळ होत असेल तर एक साधी तपासणी आहे. नकाशावर आसपास मोकळ्या गाड्या दिसताहेत आणि तरी भाडं चढलंय, तर पहिला प्रकार. भाडं चढलंय, गाड्या दिसत नाहीत आणि जी मिळते ती वीस मिनिटं लांब आहे, तर दुसरा. नकाशावरच्या गाड्या शंभर टक्के खऱ्या जागी असतीलच असं नाही, पण अंदाज घ्यायला पुरतात.

पिन: ईस्ट की वेस्ट

मुंबईत सगळ्यात जास्त ट्रिप बिघडतात त्या भाड्यामुळे नाही, पिनमुळे, म्हणजे गाडी कुठे यायची ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या खुणेमुळे. तुम्ही घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला आहात आणि फोनने पिन पूर्वेला टाकली. हवेतून अंतर शंभर मीटर. गाडीला मात्र पुलावरून किंवा सबवेतून वळसा घालून यायला पंधरा-वीस मिनिटं. ड्रायव्हर येतो, तुम्ही नाही, तो फोन करून ‘ईस्ट में हो क्या वेस्ट में?’ विचारतो, मग दोघांपैकी एक जण रद्द करतो.

म्हणून पिन आपोआप पडू देऊ नका. नकाशा मोठा करून बोटाने सरकवा. स्टेशनच्या तोंडाशी पिन टाकू नका, तिथे फेरीवाले, बस आणि रिक्षांच्या रांगेत गाडीला थांबता येत नाही आणि पोलिस दंड करतात. पन्नास पावलं पुढे एखादी बँक, पेट्रोल पंप किंवा शाळेचं गेट निवडा. हायवेवर असाल तर सर्व्हिस रोडवर आहात की मुख्य रस्त्यावर, हे ड्रायव्हरला मेसेज करून सांगा. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर चुकीच्या बाजूला उभं राहिलं तर त्याला पुढचा यू-टर्न दोन किलोमीटरवर मिळतो.

बुक करताना हा क्रम ठेवा

१. निघायच्या वीस मिनिटं आधी आकडा बघा, बुक करू नका. कामाची रोजची वाट असेल तर आठवडाभर वेगवेगळ्या वेळी नुसतं बघा. तुमच्या मार्गाचा नेहमीचा भाव कळतो आणि मग चढलेला ओळखता येतो.

२. दोन-तीन ॲप एकाच मिनिटाला, त्याच पिनवर उघडा. एकावर सर्ज असताना दुसऱ्यावर नसते, असं पुष्कळदा होतं. दोन फोनांवर भाडं वेगळं दिसतं ही तक्रारही खूप ऐकू येते. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावर ओला आणि उबरला नोटीस दिली होती, दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारला. तुलना करायचीच तर दोन्ही फोनांवर पिन तंतोतंत एक आहे ना, हे आधी बघा. दहा मीटरच्या फरकानेही तुकडा बदलू शकतो.

३. अंतर कमी असेल तर रिक्षा, एकटे असाल आणि पाऊस नसेल तर ई-बाइक टॅक्सी. महाराष्ट्रात दुचाकी टॅक्सीला परवानगी फक्त विजेवर चालणाऱ्या गाडीला आहे. तिचा दर पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये, पुढे किलोमीटरला १० रुपये २७ पैसे.

४. ‘लवकर गाडी हवी? २० रुपये जोडा’ असं बटण आलं तर लगेच दाबू नका. हा लिलाव आहे. आधी दोन-तीन मिनिटं थांबा. मंद वेळी सवलतीचा आकडा इतका खाली असतो की कुणीच ट्रिप उचलत नाही. अशा वेळी २०-३० रुपये जोडून काम होतं आणि तरीही एकूण रक्कम मूळ दराच्या आत राहते. भाडं आधीच दीडपट असताना वर टिप जोडणं मात्र पटत नाही.

५. पहाटेच्या विमानासाठी आदल्या संध्याकाळी शेड्यूल करून ठेवा, पण शेड्यूल म्हणजे गाडी राखून ठेवली असं नव्हे. ड्रायव्हर बहुधा निघायच्या थोडं आधीच नेमला जातो. तेवढ्या वेळात नाव आणि नंबर आला नाही तर खाली उतरून टॅक्सी शोधायला वेळ हवा. चाळीस मिनिटांचा रस्ता असेल तर सव्वा तास आधी निघा.

ट्रिप लागली, गाडी हलत नाही

बुक होताच फोन येतो: ‘ड्रॉप कहाँ है? कॅश है या ऑनलाइन?’ यात नेहमी लबाडी असते असं नाही. ऑनलाइन पैसे त्याच्या खात्यात उशिरा येतात आणि गॅस रोखीने भरायचा असतो. ड्रॉपचं कारण त्याहून मोठं. रात्री अकराला विरार किंवा डोंबिवलीला सोडलं तर परतीचं भाडं मिळत नाही, रिकामं यावं लागतं आणि ॲप त्या रिकाम्या किलोमीटरांचे पैसे देत नाही. संध्याकाळी गर्दी दक्षिणेकडून उत्तरेकडे असते, म्हणून तेव्हा चर्चगेटकडे जाणाऱ्याला गाडी पटकन आणि स्वस्तात मिळते, बोरिवलीकडे जाणाऱ्याला रखडावं लागतं. सकाळी याच्या बरोबर उलट. खूप लांब जायचं असेल तर साध्या ट्रिपऐवजी आउटस्टेशनचा पर्याय बघा. आकडा मोठा दिसतो, पण गाडी येते.

नकाशावर गाडी चार मिनिटं जागची हलली नाही तर एकदा फोन करा. ‘आप कॅन्सल कर दो’ असं उत्तर आलं तर नम्रपणे सांगा, ‘भाऊ, तुम्हीच करा.’ पैसा इथेच अडकलेला असतो. राज्याच्या धोरणात ड्रायव्हरने विनाकारण रद्द केल्यास भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यातली कमी रक्कम प्रवाशाला मिळते. प्रवाशाने रद्द केल्यास ५ टक्के किंवा ५० रुपये, यातली कमी रक्कम त्याच्याकडून घेतली जाते. ३०० रुपयांच्या ट्रिपला हे ३० आणि १५ होतात. रद्द करावंच लागलं तर कारणांच्या यादीत ‘ड्रायव्हरने रद्द करायला सांगितलं’ हेच निवडा, ‘बेत बदलला’ नव्हे. हलत नसलेल्या गाडीचा स्क्रीनशॉट घड्याळासकट काढून ठेवा.

काही ड्रायव्हर गाडीत बसल्यावर दुसऱ्याच वेबसाइटवरचं मीटर दाखवून किलोमीटरमागे जास्त दर मागतात. त्यांच्या तक्रारीत तथ्य असू शकतं, पण बुक करताना ॲपवर जे भाडं मान्य केलं तेवढंच तुमच्यावर बंधनकारक आहे. वाद घालायचा तर गाडी सुरू होण्याआधी घाला, अर्ध्या वाटेत सी लिंकवर नाही.

टोल आणि विमानतळ

वांद्रे-वरळी सी लिंकला कारचा एकेरी टोल १०० रुपये, अटल सेतूला २५०. कोस्टल रोडला टोल नाही. दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन अशा मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर १५ ऑक्टोबर २०२४ पासून कार आणि टॅक्सीला टोल माफ आहे. ‘वाशी टोल के पैसे’ कुणी वेगळे मागितले तर देऊ नका. सी लिंकचा टोल बहुधा बिलात जोडलेला असतो आणि ड्रायव्हरच्या फास्टॅगवरून कापला जातो, त्यामुळे तोही हातात पुन्हा देऊ नका. उलट, माहीममार्गे आलात आणि बिलात सी लिंक दिसतोय, तर परत मागा.

विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ उभं राहून बुक करू नका. टर्मिनल २ ला ॲपच्या गाड्या पार्किंग इमारतीच्या पी ७ मजल्यावर मिळतात. सामान घेऊन लिफ्टने तिथे पोहोचायला सहज दहा मिनिटं लागतात आणि फुकट थांबण्याची काही मिनिटं संपली की थांबण्याचे पैसे चालू होतात. सामान हातात आल्यावर लिफ्टजवळ बुक करा. सर्ज जास्त असेल तर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे. सामान कमी असेल आणि मेट्रोची वेळ असेल तर मेट्रो ३ चं स्टेशन टर्मिनल २ ला आहेच. बुकिंगमध्ये टर्मिनल १ की २ हे दोनदा बघा. एक सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, दुसरं सहारला. मधला रस्ता संध्याकाळी अर्धा तास खातो.

उतरल्यावर

बिल त्याच दिवशी उघडा. बुक करतानाच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर कारण सहसा चारांपैकी एक असतं: रस्ता बदलला, मध्ये थांबा घेतला, चढायला उशीर केला, किंवा टोल-पार्किंग जोडलं. यातलं काहीच नसेल तर ॲपच्या मदत विभागात त्या ट्रिपवर जाऊन भाड्याची तक्रार नोंदवा, बुक करतानाचा स्क्रीनशॉट जोडा. तिथे ठराविक छापाचं उत्तर आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. ट्रिपचा क्रमांक, गाडीचा नंबर, वेळ आणि दोन्ही आकडे एका कागदावर लिहून मगच फोन लावा, कारण ते हेच विचारतात. ड्रायव्हरच्या वागणुकीमुळे धोका वाटला तर तक्रारीच्या रांगेत लागू नका, गाडीतूनच ११२ लावा.